रायडर-वेट-स्मिथ टॅरो संच : कप्सच्या चौदा पानांच्या निमित्ताने

टॅरोचा, म्हणजे भविष्यकथनासाठी वापरल्या जाणाऱ्या चित्रमय पत्त्यांचा, पहिला संच घेऊ पाहणाऱ्याला जाणकार बहुधा रायडर-वेट-स्मिथ हाच संच सुचवतात, आणि त्यातल्या कप्सच्या (पेल्यांच्या) चौदा पानांकडे पाहून मीही तोच सुचवेन. 78 पानांच्या या संचात 22 पाने मेजर अर्कानाची, म्हणजे स्वतंत्र प्रतीकचित्रांची, आहेत आणि उरलेली 56 पाने वाँड्स, कप्स, स्वोर्ड्स आणि पेंटॅकल्स अशा चार रंगांत विभागलेली आहेत. आपल्या नेहमीच्या पत्त्यांत जे स्थान बदामाचे, ते इथे कप्सचे. त्याचे तत्त्व जल आणि प्रांत भावनांचा, म्हणजे प्रेम, मैत्री, विरह, आठवणी आणि मनोराज्ये यांचा. एवढी माहिती कोणत्याही पुस्तिकेत मिळते. मात्र या संचातले अर्थ पाठ करत बसावे लागत नाही; चित्र निरखून पाहिले आणि त्यातले पाणी कुठे आहे, वाहते आहे की थांबलेले, कोण त्याच्याकडे पाहतो आणि कोण पाठ फिरवतो, एवढे टिपले की पानाचा अर्थ आपोआप उलगडू लागतो.

लंडनच्या विल्यम रायडर अँड सन या प्रकाशनसंस्थेने 1909 च्या डिसेंबरात हा संच प्रसिद्ध केला. संकल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची आणि चित्रे पामेला कोलमन स्मिथ यांची. दोघांचीही जडणघडण हर्मेटिक ऑर्डर ऑफ द गोल्डन डॉन या गूढविद्येच्या मंडळात झालेली होती. त्याआधीच्या मार्सेय या जुन्या फ्रेंच पद्धतीच्या संचांत कप्सच्या पंजीवर पाच पेले नीट मांडलेले असत, आणि त्यांचा अर्थ सांगणाऱ्याने आपल्या स्मरणातून सांगायचा असे. स्मिथ यांनी अंकांच्या जवळजवळ प्रत्येक पानावर माणसे आणली, प्रसंग उभा केला. पंधराव्या शतकाच्या अखेरीस उत्तर इटलीत तयार झालेल्या सोला बुस्का संचाची छायाचित्रे 1907 मध्ये ब्रिटिश म्युझियमकडे आली होती, आणि स्मिथ यांच्या काही पानांवर त्यांची छाप स्पष्ट दिसते. तरीही पानांतले नाट्य स्मिथ यांचे स्वतःचे आहे. काम संपल्यावर त्यांनी अमेरिकन छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांना पत्रात कळवले, की काम फार मोठे झाले आणि पैसे अगदीच थोडे मिळाले. संचाला पुढे कित्येक दशके प्रकाशक आणि वेट यांच्याच नावाने ओळखले गेले, ही गोष्ट मला आजही सलते. जवळजवळ प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात स्मिथ यांची आद्याक्षरांची वळणदार खूण आहे. संच हाती आल्यावर ती अवश्य शोधावी.

कप्सच्या एक्क्यावर ढगातून आलेल्या हाताच्या तळव्यावर पेला आहे, वरून एक कबुतर क्रूसाची खूण असलेली पवित्र रोटी चोचीत धरून उतरते आहे आणि पेल्यातून पाण्याच्या धारा खालच्या कमळांच्या तळ्यात पडत आहेत. वेट यांच्या पुस्तकात धारा चार सांगितल्या आहेत, तर चित्रात त्या पाच दिसतात. पुष्कळ जण या पाच धारांचा संबंध पंचेंद्रियांशी जोडतात, आणि तो मला पटतो, कारण भावना आधी देहाला जाणवते आणि नंतर मनाला उमगते. ख्रिस्ती प्रतीकांची ओळख नसलेल्या वाचकाने या पानासाठी पवित्र पेल्याची (होली ग्रेलची) मध्ययुगीन युरोपीय कथा थोडी वाचून घ्यावी. बाकीची पाने त्याशिवायही समजतात.

पंजीचे पान मला या रंगातले सर्वांत समृद्ध पान वाटते. काळ्या झग्यातला एक माणूस मान खाली घालून उभा आहे. त्याच्यासमोर तीन पेले सांडले आहेत आणि पाठीमागे दोन भरलेले उभे आहेत, जे त्याला दिसत नाहीत. पुस्तिका ‘हानी, शोक’ असे सांगून मोकळी होते. चित्रात मात्र आणखी बरेच काही आहे: पुढे नदी वाहते आहे, तिच्यावर पूल आहे आणि पलीकडच्या तीरावर गढीसारखे घर आहे. परतीची वाट बंद झालेली नाही, पण तिच्याकडे पाहण्याइतका त्या माणसाचा शोक अजून निवळलेला नाही. स्मिथ यांनी त्याला वळायला लावले नाही, याचे मला फार मोल वाटते. हे पान निघाले असताना समोरच्याला ‘मागचे दोन पेले बघा’ असे घाईने सांगणारे टॅरो रीडर चित्राला आणि त्या माणसाच्या दुःखाला, दोघांनाही न्याय देत नाहीत.

अठ्ठीवर खाली पाच आणि वर तीन पेले रचलेले आहेत, आणि वरच्या ओळीत एका पेल्याची जागा रिकामी आहे. लाल वस्त्रातला माणूस काठी टेकत डोंगराकडे निघाला आहे. पेले फुटलेले नाहीत की सांडलेलेही नाहीत. त्याला निघायला लावते ती वरची उणीव.

नव्वी आणि दश्शी शेजारी ठेवून पाहावीत. नव्वीवर एक धष्टपुष्ट गृहस्थ हाताची घडी घालून बसला आहे आणि त्याच्यामागे नऊ पेले कमानीसारखे मांडले आहेत. हे इच्छापूर्तीचे पान म्हणून सर्वांना प्रिय असते, पण त्यावर कुठेही पाणी नाही आणि दुसरे माणूसही नाही. दश्शीवर इंद्रधनुष्यात दहा पेले आहेत, खाली हात उंचावलेले जोडपे, नाचणारी दोन मुले, घर आणि त्याजवळून वाहणारी नदी आहे. हवे ते मिळणे आणि ते कुणाबरोबर तरी अनुभवणे यांतला फरक या दोन पानांत जितका स्वच्छ दिसतो, तितका लिखित अर्थांत उतरत नाही.

दरबारी पानांपैकी पेजच्या पेल्यातून मासा डोके वर काढतो आणि नाइट संथ पावलांच्या घोड्यावरून येतो. क्वीनच्या हातातला नक्षीदार पेला मात्र चौदा पानांत एकटाच झाकलेला आहे, आणि ती त्याकडे एकटक पाहते आहे. किंगचे सिंहासन थेट समुद्रावर आहे, मागे जहाज आणि उसळणारा मासा आहे, पण त्याचे पाय पाण्याला लागलेले नाहीत. भावनेवर ताबा असणे आणि भावनेपासून दूर राहणे, असे दोन्ही अर्थ या पानात सामावतात; भोवतालच्या पानांवरून त्यांतला एक निवडावा लागतो.

आता संचाविषयी. नेहमीची आवृत्ती भडक पिवळ्या-निळ्या रंगांची आहे. 2009 मध्ये शताब्दीनिमित्त निघालेल्या आवृत्तीचे रंग मऊ, किंचित मातकट आहेत. कप्सच्या पाण्याला आणि आभाळाला ते अधिक शोभतात, म्हणून थोडे जास्त पैसे पडले तरी मी तीच घेण्यास सांगेन. प्रवासासाठी मिळणारे खिशाएवढे संच टाळावेत, कारण सत्तीतल्या एका पेल्यावरची पुसटशी कवटी त्यांत दिसतच नाही. सोबतची पुस्तिका इंग्रजीत आणि अतिशय त्रोटक असते. ती सुरुवातीचे काही आठवडे पेटीतच राहू द्यावी, रोज एक पान समोर ठेवून जे दिसते ते आपल्या मराठीत वहीत लिहावे, आणि मगच पुस्तिकेतला अर्थ पडताळून पाहावा.