नागरिकत्वाच्या ‘फाइल’साठी घेतलेले पैसे आणि गेलेले मूळ कागद

मी चामोर्शी तालुक्यातील एका बंगाली वस्तीची सून आहे. माझे माहेर मराठी. सासरची मंडळी पूर्व पाकिस्तानातून विस्थापित होऊन आली, काही काळ रायपूरजवळच्या माना छावणीत राहिली आणि नंतर शासनाने दिलेल्या जमिनीवर तेव्हाच्या अखंड चांदा (म्हणजे चंद्रपूर) जिल्ह्यात स्थायिक झाली. 26 ऑगस्ट 1982 रोजी गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, त्याआधीच माझ्या नवऱ्याचा आणि नणंदेच्या थोरल्या भावंडांचा जन्म याच गावात झाला होता. घराण्याचा हा तपशील आधी सांगण्याचे कारण असे की, ज्या माणसाने आम्हाला फसवले त्याने कोण केव्हा आले आणि कोण इथेच जन्मले, हा पहिला प्रश्नच कोणाला विचारला नाही.

11 मार्च 2024 रोजी नागरिकत्व सुधारणा कायद्याचे नियम जाहीर झाले आणि ती बातमी वस्तीतील प्रत्येक मोबाइलवर पोहोचली. धानाचे चुकारे खात्यात जमा होण्याच्या सुमारास एक गृहस्थ लॅपटॉप, प्रिंटर आणि अंगठा घेण्याचे यंत्र घेऊन समाजमंदिरात येऊन बसले. ते उत्तम बंगाली बोलत आणि माझ्या सासऱ्यांना ‘काका’ म्हणत. “काका, ही फाइल झाली नाही तर पट्टा रद्द होईल, राशन बंद होईल, आणि पुढच्या महिन्यात पोर्टलच बंद होणार आहे,” असे त्यांनी सांगितले. ज्यांनी आयुष्यात एकदा घरदार सोडले आहे त्यांच्यासमोर जमीन जाण्याची गोष्ट काढली की दुसरे काही सांगावे लागत नाही. माणशी 4,000 रुपये दर ठरला. आमच्या घरातून पाच जणांचे 20,000 रुपये गेले.

त्या पाचांत मीही होते. माझा जन्म मूल तालुक्यातला, माझी नोंद ग्रामपंचायतीत आहे. तरीही “लग्न या घरात झाले म्हणून तुमचीही फाइल लागेल” असे सांगून माझ्याही नावाची पावती फाडण्यात आली. हे सपशेल खोटे होते. लग्नामुळे भारतीय स्त्रीचे नागरिकत्व जात नाही.

आता कायद्याची बाजू नीट सांगते, कारण ती आमच्यापैकी कोणालाच त्या दिवशी कोणी सांगितली नव्हती. ही तरतूद पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तान या तीन देशांतून आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती व्यक्तींसाठी आहे, आणि 2024 च्या नियमांनुसार त्यांचा भारतातील प्रवेश 31 डिसेंबर 2014 पर्यंत झालेला असला पाहिजे. अर्ज शासनाच्या संकेतस्थळावर स्वतः भरता येतो आणि त्याचे शुल्क 50 रुपये आहे. छाननी डाक विभागाच्या अधीक्षकांच्या अध्यक्षतेखालील जिल्हास्तरीय समिती करते. मूळ कागद तिथे तपासणीसाठी दाखवायचे असतात आणि शपथही तिथेच घ्यायची असते. पुढच्या महिन्यात पोर्टल बंद होईल असे त्या नियमांत कुठेही म्हटलेले नव्हते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट जन्माची आहे. 26 जानेवारी 1950 पासून 1 जुलै 1987 च्या आधी जो भारतात जन्मला तो जन्मानेच भारतीय नागरिक आहे, मग त्याचे आईवडील कोणत्याही देशाचे असोत. 1 जुलै 1987 पासून 3 डिसेंबर 2004 पूर्वीपर्यंत जन्मलेल्यांच्या बाबतीत आई किंवा वडील यांपैकी एक भारतीय असणे पुरेसे आहे. त्यानंतरच्यांसाठी अट अधिक कडक आहे, पण दोघेही पालक नागरिक असतील तर मुलाच्या नागरिकत्वाबद्दल शंका राहत नाही. माझा नवरा 1979 चा, नणंद 1983 ची आणि आमची मुलगी 2008 ची. या तिघांना कसलाही अर्ज करण्याची गरज नव्हती. असे असताना त्या गृहस्थांनी नवऱ्याच्या आणि नणंदेच्या इंग्रजी फॉर्मवर जन्मस्थान बांगलादेशातील ‘खुलना’ असे टाकून खाली त्यांच्या सह्या घेतल्या. तालुका विधी सेवा समितीच्या वकीलबाईंनी हे वाचले तेव्हा त्यांनी पैशांचा विषय बाजूला ठेवून आधी एवढेच विचारले की हा कागद खरोखर कुठे दाखल झाला आहे का. कारण आपण परदेशात जन्मलो असे स्वतःच्या सहीने लिहून देणारा माणूस हातातले नागरिकत्व स्वतःच संशयाच्या जागी नेऊन ठेवतो. तो कुठेही दाखल झालेला नव्हता. आमच्या पावतीवरचा क्रमांक बनावट निघाला, आणि या एका बाबतीत त्याचा खोटेपणा आमच्या पथ्यावर पडला.

सर्वांत मोठे नुकसान बाबांचे, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे झाले. त्यांना तरुणपणी कलेक्टर कचेरीतून नोंदणीने नागरिकत्व मिळाले होते. ते प्रमाणपत्र चार घड्या घालून, मेणकापडात गुंडाळून, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलेले असे. घड्यांवर कागद विरला होता आणि गोल शिक्क्याची जांभळी शाई अर्धी उडाली होती. ज्याच्याजवळ हा कागद आहे त्याला नव्याने अर्ज करण्याचे काहीच कारण नव्हते. त्या गृहस्थांनी तो पाहिला, ओळखला, “मूळ प्रत जोडावी लागते” असे म्हणून पारदर्शक फोल्डरमध्ये घातला आणि सोबत नेला. त्याच्या बदल्यात राजमुद्रा छापलेले एक लॅमिनेटेड ओळखपत्र दिले. मुलीच्या शाळेतील गुरुजींनी ते हातात घेताच त्यावर जिल्ह्याचे नाव ‘गडचीरोली’ असे छापलेले दाखवले, आणि तिथून पुढे आम्ही चौकशी सुरू केली. असे ओळखपत्र या कायद्याखाली दिलेच जात नाही.

अंगठ्याच्या यंत्राबद्दलही सावध करते. “ठसा जुळत नाही” असे म्हणत बाबांचा अंगठा पुन्हा पुन्हा घेण्यात आला आणि त्याच संध्याकाळी त्यांच्या खात्यातून आधारद्वारे 10,000 रुपये काढले गेले. असे झाल्यास त्याच दिवशी बँकेत लेखी कळवावे, 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि आधारमधील बायोमेट्रिक कुलूपबंद करून घ्यावे.

वस्तीत एक विधवा मावशी आहेत. त्या 1990 नंतर आल्या, त्यांची कुठेही नोंदणी नाही. हा अर्ज ज्यांना खरोखर हवा होता त्यांपैकी त्या एक, आणि त्यांचाही अर्ज दाखल झाला नव्हता. मजुरीतून साठवलेले पैसे गेले ते गेलेच, शिवाय बांगलादेशातील शाळेचा एकमेव दाखलाही गेला. अशांना मदत करणे हे आम्हा आसपासच्या मराठी माणसांचेही काम आहे, असे मला मनापासून वाटते, कारण फॉर्म वाचून दाखवणारे कोणी घरात नसते म्हणून ही माणसे असल्या दलालांच्या हाती लागतात. आता त्यांच्यासाठी 2014 पूर्वीचे राशनकार्ड आणि टपाल खात्याचे पासबुक शोधून काढले आहे. प्रवेशाच्या तारखेसाठी असे कागद चालतात.

ज्यांचा जन्म इथला आहे त्यांनी जन्मनोंदीची प्रमाणित नक्कल ग्रामपंचायतीतून, जुनी नोंद असल्यास कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल तहसीलच्या अभिलेख कक्षातून आणि दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा शाळेतून काढून ठेवावा. या नकलांची फी किरकोळ असते. मूळ कागद कोणाच्याही हाती देऊ नये. देणे भाग पडले तर स्वाक्षरी, शिक्का आणि तारीख असलेली पोच आधी घ्यावी.

आमची तक्रार पोलीस ठाण्यात दाखल आहे. प्रकार 1 जुलै 2024 पूर्वीचा असल्यामुळे तो भारतीय दंड संहितेच्या कलम 420 खाली आला. त्यानंतर फसवले गेलेल्यांना भारतीय न्याय संहितेचे कलम 318 लागू होते. बाबांच्या प्रमाणपत्राची दुय्यम प्रत मिळावी म्हणून अर्ज दिला आहे. वस्तीतील काही घरांनी भीतीमुळे अजून जबाब दिलेला नाही. त्यांना आणि शेजारच्या मुलचेरा तालुक्यात अशाच शिबिरात पैसे भरलेल्यांना विनंती आहे की त्यांनी पावती, ते ओळखपत्र आणि बँकेचे पासबुक घेऊन तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे यावे किंवा 15100 वर फोन करावा. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि अल्प उत्पन्न असलेल्यांना तिथे वकील विनामूल्य मिळतो.