नौपाड्यातलं काउन्सेलिंग सेंटर, कॅज्युअल्टीतल्या सिस्टरचा अनुभव

मी ठाण्यात एका प्रायव्हेट हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत नऊ वर्षं स्टाफ नर्स आहे. घोडबंदर रोडचे अ‍ॅक्सिडेंट रोजचेच, त्यामुळे आपल्याला काही होत नाही असंच वाटायचं. मागच्या पावसाळ्यात नाईटला अडीच-तीन वर्षांचं पोरगं आलं, बाईकवरून पडलेलं, पायात ते पी-पी वाजणारे बूट. मावशी बूट काढत होत्या तेव्हा एक दाबला गेला आणि वाजला. पोरगं गेलं. मी नोट्स लिहिल्या आणि लगेच पुढचा चेस्ट पेन घेतला.

त्यानंतर सोसायटीच्या जिन्यात कुणाचे तसले बूट वाजले की माझे हात गार पडायचे, झोप नाही, ड्युटीला निघताना मळमळ, असं तीन महिने चाललं. इंचार्ज म्हणाल्या, अगं होते सवय. एका रात्री टेली मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन लावला, फुकट आहे आणि मराठीत बोलतात, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि प्रत्यक्ष कुणाला तरी भेटा म्हणाले म्हणून इथे आले.

सेंटरमधल्या मॅडमनी सगळं नीट विचारून सांगितलं की हे महिन्याच्या वर टिकलंय, कामात आडवं येतंय, हा पीटीएसडी आहे, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मनावर राहणाऱ्या आघाताचा आजार, आणि तो फक्त स्वतःवर बेतलेल्यालाच होतो असं नाही, कामामुळे परत परत असं बघणाऱ्यालाही होतो. मी तिथेच रडले, नऊ वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं.

आधी दोन सेशन फक्त घाबरल्यावर स्वतःला सावरायचं कसं ते, पाय लादीवर टेकवायचे, समोरच्या पाच वस्तूंची नावं घ्यायची. मग ईएमडीआर, म्हणजे ती आठवण मनात धरायची आणि मॅडमच्या बोटांमागे नजर डावी-उजवीकडे फिरवायची. मला आधी पटलं नव्हतं, पण डब्ल्यूएचओनेही २०१३ मध्ये पीटीएसडीसाठी हे सुचवलंय. सातव्या सेशनला बूट आठवले, रडू आलं, पण हात गार पडले नाहीत.

नाईट संपवून सकाळी ९ ची वेळ देतात, ड्युटी बदलली तर पैसे कापत नाहीत, हे आमच्यासाठी फार मोठं आहे. फी आमच्या पगारात जड जाते. एक स्टार कमी दिलाय कारण वेटिंगमध्ये पूर्ण नाव मोठ्याने पुकारतात, ठाण्यात ओळखीचं कुणीतरी भेटतंच, प्लीज नंबरने बोलवा.

आमच्या शिफ्टच्या दोघींना सांगितलंय. एक जाऊन आली, दुसरी म्हणते ऑफ मिळाला की जाते.