आरओ प्लांट: ऑटो हेड घ्यावं की हाताने फिरवायचा वॉल्व्ह?

मामेभाऊ केळशीला पाण्याचे जार भरायचा आरओ प्लांट टाकतोय, तासाला ५०० लिटरचा, आणि गेले पंधरा दिवस रात्री जेवणं आटपली की त्याचा फोन, दादा ऑटो घेऊ की मॅन्युअल. इतक्यांदा तेच तेच सांगून झालंय की म्हटलं आता लिहूनच काढतो, त्यालाही पाठवतो आणि किनाऱ्यावर अजून कोणी या फंदात पडत असेल तर त्यालाही कामाला येईल. माझा प्लांट हर्णैच्या बाजूला, २०१७ पासून. पहिली चार वर्षं फुल ऑटो चालवला, मग मॅन्युअल करून घेतला, त्यामुळे दोन्हीची चव घेऊन झालीय. परवाने, जारचे दर, उधारी हे वेगळं पुराण आहे, त्यात आज शिरत नाही.

आधी एक गोष्ट, मग वळतो मुद्द्याकडे. आपल्याकडे जांभ्यातल्या बऱ्याच विहिरींचं पाणी मुळात गोडं असतं, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरला मिलिग्रॅममध्ये) १००-१५० च्या आत. भारतीय मानकात (आयएस १०५००) ५०० पर्यंत चालतं. तसं पाणी असेल तर आरओ कशाला, नुसतं चांगलं गाळून यूव्ही लावा, निम्मं पाणी रिजेक्टमध्ये (आरओतून बाहेर टाकलं जाणारं खारट पाणी) घालवायची हौस कशाला? माझी विहीर खाडीपासून हाकेच्या अंतरावर, पावसाळ्यात टीडीएस २०० च्या आसपास आणि मे महिन्यात खारं पाणी आत घुसलं की ११०० पर्यंत जातो, त्यामुळे मला गत्यंतर नव्हतं. केळशीलाही तीच गत आहे म्हणून पुढचं सगळं.

तर फरक नक्की कशात. मेंब्रेन, म्हणजे क्षार अडवणारी आरओची खरी गाळणी, तेच, दोन ४०४० मापाचे. हाय प्रेशर पंप तोच. जंबो फिल्टर, म्हणजे मेंब्रेनच्या आधीचा कँडलवाला डबा, तोच. फरक पडतो तो सॅंड (वाळू, गाळ अडवायला) आणि कार्बनच्या (कोळसा, क्लोरीन काढायला) टाक्यांवर डोक्याला काय बसवताय त्यात, आणि पॅनलच्या डब्यात किती वायरी आहेत त्यात. ऑटोमध्ये मोटरवालं हेड येतं, त्याला घड्याळ असतं, रात्री दोन वाजता उलटं पाणी सोडून टाकी स्वतःच धुवून घेतं, म्हणजे बॅकवॉश. मॅन्युअलमध्ये साधा मल्टिपोर्ट वॉल्व्ह, दांडा दाबायचा, फिरवायचा, बॅकवॉश, रिन्स, परत फिल्टरवर. झालं.

ऑटोची बाजू आधी सांगतो, नाहीतर मामेभाऊ म्हणेल दादाने आधीच ठरवलंय. माझ्या मेव्हण्याचा प्लांट दापोली शहरात आहे, फुल ऑटो, आणि खरं सांगायचं तर झकास चालतो. सकाळी शटर वर केलं की टाक्या धुतलेल्या, मेंब्रेन फ्लश झालेला, पोराने फक्त जार लावायचे. कामाला पोरगा बदलला तरी त्याला शिकवायला अर्धा तास पुरतो. शिवाय आपल्याकडे पोरं टिकतात कुठे, गणपतीत पाच दिवस गावाला, शिमग्यात पालखी नाचवायला, आणि नेमकं त्याच दिवसांत जारांची मागणी दुप्पट. त्या दिवसांत ऑटो असलेला माणूस सुखी. मेव्हण्याकडे लाईट फारशी जात नाही आणि गेली तर मागे जनरेटर आहे, हे मात्र लक्षात ठेवा, कारण सगळी गोम तिथेच आहे.

माझ्याकडे काय झालं ते सांगतो. पहिला पावसाळा, जून अर्धा झालेला. जंबोतली ५ मायक्रॉनची स्पन कँडल, जी एरवी महिनाभर जायची, ती एका दिवसात तांबडी होऊन चोक. बदलली, दुसऱ्या दिवशी परत तेच. मला वाटलं विहिरीत गाळ आला, पाऊस तर होताच. फूटव्हॉल्व्ह वर उचलून घेतला, तरी तेच. ज्याने प्लांट बसवला त्याला फोन केला तर म्हणे सॅंड बदला, मीडिया खराब झालाय. अहो सहा महिन्यांत वाळू खराब कशी होईल? तीन कँडली गेल्या. मग एक दिवस सकाळी जार भरणं चालू असताना मी तिथेच बाकड्यावर चहा घेऊन बसलो होतो, आणि डोक्याजवळ घर्रर्र आवाज. बघतो तर सॅंडवरचं हेड आपोआप फिरतंय, ड्रेनच्या पायपातून लालभडक पाणी सुरू, आणि इकडे आरओचा पंप आपला मजेत चालूच. हेडच्या घड्याळात बघितलं, रात्रीचे दोन. माझ्या मनगटावर सकाळचे दहा चाळीस.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. लाईट गेली की त्या हेडचं घड्याळ थांबतं. आली की जिथे थांबलं तिथून पुढे चालू. पावसाच्या सुरुवातीला आमच्याकडे लाईट कशी असते हे किनाऱ्यावर राहणाऱ्याला सांगायला नको, माडाची झावळी तारेवर पडली, डीओ (खांबावरचा फ्यूज) उडाला, कुठे काही नाही तर उगाच दहा मिनिटं गेली. ते दहा मिनिटं, अर्धा तास, दोन तास साठत साठत आठवड्याभरात आठ तास चाळीस मिनिटं झाली होती, आणि रात्रीचं धुणं सरकत सरकत भर धंद्याच्या वेळेवर येऊन बसलं होतं. बरं, नुसतं धुतलं असतं तरी चाललं असतं. पण ही हेडं मुळात घरगुती वापराच्या हिशेबाने बनलेली, घरात नळ कोरडा पडू नये म्हणून बहुतेकांची रचनाच अशी की बॅकवॉश चालू असेपर्यंत कच्चं पाणी न गाळता तसंच पुढे सोडतात. म्हणजे पंधरा मिनिटं लाल पाणी सरळ कँडलीवर. त्यानंतर अर्ध्या तासाने कार्बनच्या हेडची पाळी, ते तर अजून वाईट, कारण पावसाळ्यात ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल पावडर (क्लोरीनवाली ब्लीचिंग) टाकते आणि क्लोरीन म्हणजे मेंब्रेनचं विषच. कार्बन धुतला जात असताना क्लोरीनचं पाणी थेट मेंब्रेनवर. वर्षभरात माझ्या शुद्ध पाण्याचा टीडीएस १२ वरून ६० वर गेला, मेंब्रेन जळाले. यामुळेच जळाले असं छातीठोक नाही म्हणणार, पण दुसरं कारण मला आजपर्यंत सापडलेलं नाही.

आता कोणी म्हणेल यावर उपाय आहेत की. आहेत, आणि मी सगळे करून बघितले. बॅटरी बॅकअपचं हेड मिळतं, घेतलं. खाऱ्या हवेत बॅटरीच्या टोकांवर हिरवी बुरशी चढावी तसं चढलं आणि कधी ती मेली ते कळलंही नाही, घड्याळ परत मागे. मग इंटरलॉक, म्हणजे हेड धुवायला लागलं की आरओचा पंप बंद. ती वायर मुळात जोडायचीच राहिली होती, कोल्हापूरहून माणूस येऊन जोडून गेला. त्याने मेंब्रेन वाचला, पण आता लग्नाचे दीडशे जार भरायचेत आणि प्लांट मध्येच गप्प, पोरगा मला फोन करतोय काका मशीन बंद पडली. मशीन बंद नाही रे बाबा, आंघोळ करतेय. आणि धुता धुता मध्येच लाईट गेली तर पिस्टन तिथेच अडकतो, आमची कच्च्या पाण्याची टाकी उंचावर, सकाळी येऊन बघावं तर सगळी टाकी ड्रेनमधून वाहून गेलेली. मे महिन्यात विहिरीने तळ गाठलेला असताना हे झालं की माणूस काय बोलतो ते इथे लिहिता येत नाही.

घड्याळ दर सोमवारी जुळवणं हा खरा उपाय. पण दर सोमवारी लक्षात ठेवून मीच घड्याळ जुळवायचं असेल तर तेवढ्या वेळात मी हाताने बॅकवॉश नाही का करणार? माझं मन फिरलं ते इथे.

मॅन्युअलची भानगड वेगळी आहे, नाही असं नाही. सगळा भरवसा माणसावर. पंप बंद न करता दांडा फिरवला की आतलं स्पायडर गॅस्केट (पाण्याचे रस्ते वेगळे ठेवणारं रबर) कापतं, आणि मग आतल्या आत कच्चं पाणी चांगल्या पाण्यात मिसळत राहतं, वरून काही दिसत नाही. माझ्याकडच्या कामाच्या पोराने दोनदा कापलंय. गॅस्केट स्वस्त असतं, वरचे नटबोल्ट खोलून मी स्वतःच बदलतो, पण एक जादा आणून ठेवायलाच लागतं. दांडा अर्धवट राहिला तर थोडं पाणी ड्रेनला जात राहतं, तेही झालंय. आणि रोजचं काम आहे हे, कंटाळा येतो.

पण एक फायदा मला सुरुवातीला कळला नव्हता. हाताने करायचं म्हटल्यावर मी प्रेशरचे गेज बघायला लागलो. सॅंडच्या आधीचा आणि नंतरचा, धुतल्यावर दोघांत पाव किलोचा फरक असतो, अर्ध्या किलोच्या वर गेला की धुवायचं. पावसाळ्यात दिवसातून दोनदा धुवावं लागतं, ड्रेनचं पाणी लाल, मग गुलाबी, मग गढूळ, मग स्वच्छ होईपर्यंत. मे महिन्यात चार दिवसांतून एकदा पुरतं. ऑटो हेडला हे काही कळत नाही, ते पावसाळ्यात कमी धुणार आणि उन्हाळ्यात पाण्याची बोंब असताना रोज इमानाने चारेकशे लिटर ओतणार.

मेंब्रेनच्या बाजूला मात्र माझं मत जरा डळमळीत आहे. ऑटो फ्लशचा सोलेनॉइड (विजेवर उघडणारा वॉल्व्ह) बारीक गाळाने अडकतो, उघडा राहिला तर प्रेशरच बनत नाही. मी तो काढला, आता बंद करताना पोरगा फ्लशचा वॉल्व्ह पूर्ण उघडून दोन मिनिटं पाणी सोडतो. पण रिजेक्टचा नीडल वॉल्व्ह पोरांच्या हाताला लागेल असा ठेवू नका. माझ्याकडच्या एकाने पाणी जास्त मिळतं म्हणून रिजेक्ट आवळला, रोटामीटर (तासाला किती लिटर शुद्ध पाणी येतं ते दाखवणारा) ६०० दाखवायला लागला, मलाही बरं वाटलं, आणि तीन महिन्यांत तोच ३८० वर आला. सायट्रिक ॲसिडने धुवून ४६० पर्यंत आणला, त्याच्या वर काही केल्या जाईना. आता सेटिंग करून त्या वॉल्व्हची मूठच काढून खिशात ठेवलीय. (रिजेक्टचं पाणी माडांना सोडतो, माडाला खारं चालतं, पोफळीला चुकूनही नको, माझ्या चार गेल्या.)

पॅनलचंही थोडक्यात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, आमच्याकडे त्यानंतर महिनाभर लाईट नव्हती. भाड्याचा जनरेटर आणून प्लांट चालवायला घेतला तर पॅनलमधलं कार्ड उडालं. नवीन यायला पंधरा दिवस. मेंब्रेन तसेच पाण्यात पडून वास मारायला लागले. बंदच ठेवायचा असेल तर एक टक्का मेटाबायसल्फाइटचं पाणी भरून ठेवायचं असतं हे मला तेव्हा माहीत असून मिळालं नाही, रस्तेच बंद होते. साधा स्टार्टर असता तर गावातल्या वायरमनने तासाभरात चालू करून दिलं असतं. तसंही आमच्या हवेत कार्डाचं आयुष्य कमीच, ३०४ स्टीलच्या स्किडवर (प्लांटच्या सांगाड्यावर) तांबडे डाग पडतात तिथे त्या बारीक सोल्डरचं काय, शिवाय पाली आणि मुंग्या.

तरी सगळंच हातावर ठेवू नका. लो प्रेशर स्विच, हाय प्रेशर स्विच, दोन्ही टाक्यांचे फ्लोट, आणि लाईट आल्यावर दोन मिनिटांनी पंप चालू करणारा ऑन डिले टायमर, एवढं ऑटो पाहिजेच, लाईट झपझप करते तेव्हा पंप यावरच वाचतो. कार्बन ठीक आहे का ते बघायला ओटीची बाटली ठेवा, ग्रामपंचायतीचा माणूस नळाच्या पाण्यात थेंब टाकून बघतो तीच, कार्बननंतरच्या पाण्यात पिवळा रंग आला, म्हणजे क्लोरीन उरलाय, की प्लांट बंद.

तर मामेभावाला माझं म्हणणं एवढंच की दापोलीत, रत्नागिरीत, जिथे लाईट नीट आहे, जनरेटर आहे आणि मेकॅनिक तासाभरात येतो तिथे ऑटो घे, मी नाही म्हणणार नाही, मेव्हण्याचं बघून माझाही जीव जळतो कधीकधी. केळशीला आणि तेही तू स्वतः प्लांटवर बसणार असशील तर मला वाटतं मल्टिपोर्टच घे. वर जे पैसे वाचतील, मला तेव्हा दोन हेडांचे वीसेक हजार जास्त पडले होते, त्यात एक मोठा जंबो आणि दोन चांगले गेज बसव. आणि एवढं सगळं वाचूनही ऑटोच हवं असेल तर माझी दोन्ही हेडं पोटमाळ्यावर गोणपाटात गुंडाळून पडलीत, त्यातलं कार्बनवालं अजून चांगलं आहे, येऊन घेऊन जा, बॅटरी मात्र तुझी तू आण.