मंदावलेल्या लॅपटॉपसाठी विंडोजमध्येच असलेली साधने : एक परीक्षण

लॅपटॉप मंदावला की अनेक घरांत सर्वांत आधी ‘पीसी क्लीनर’, ‘रॅम बूस्टर’ अशा नावांची सॉफ्टवेअर शोधली जातात. त्यांतली काही फुकट असतात, काही वार्षिक वर्गणीची असतात आणि बरीचशी ‘तुमच्या संगणकात इतके हजार दोष सापडले’ अशी भीती घालून पैसे मागतात. खरे पाहता या कामासाठी लागणारी जवळजवळ सगळी साधने विंडोज १० आणि ११ मध्ये आधीपासूनच आहेत, पण ती निरनिराळ्या कोपऱ्यांत ठेवलेली असल्यामुळे सामान्य वापरकर्त्याच्या नजरेस पडत नाहीत. ४ जीबी रॅम (चालू प्रोग्रॅमांची माहिती तात्पुरती ठेवणारी मेमरी), १ टीबीची हार्ड डिस्क आणि घरातल्या सगळ्यांचा हात लागलेला असा एक जुना लॅपटॉप समोर ठेवून मी ही साधने वापरली, आणि त्यांपैकी कोणते किती उपयोगी पडते ते येथे मांडत आहे. बाहेरचे कोणतेही सफाईचे सॉफ्टवेअर घेण्याची गरज नाही, हे माझे स्पष्ट मत आहे. मात्र ही साधने योग्य क्रमाने वापरली नाहीत तर त्यांचाही फारसा लाभ होत नाही.

क्रमात पहिला मान टास्क मॅनेजरचा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की तो उघडतो. पुष्कळ लोक त्याचा उपयोग फक्त अडकलेला प्रोग्रॅम बंद करण्यासाठी करतात, पण त्याचे खरे मोल निदानात आहे. ‘प्रोसेसेस’ या पानावर सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी (म्हणजे रॅम) आणि डिस्क असे स्तंभ दिसतात आणि त्यांच्या डोक्यावर टक्केवारी असते. लॅपटॉप सुरू करून काही मिनिटे थांबावे, एकही प्रोग्रॅम उघडू नये आणि हे आकडे पाहावेत. मेमरी ९० टक्क्यांच्या आसपास आणि डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली असेल, तर दुखणे कुठे आहे ते तेथेच कळते. रॅम पुरेनाशी झाली की विंडोज तिच्यातला सध्या न लागणारा भाग डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये लिहून ठेवते आणि गरज पडताच परत वाचून आणते. लॅपटॉपमधली हार्ड डिस्क बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे घेणारी असते. म्हणजे हवी ती माहिती वाचणाऱ्या टोकाखाली येण्यासाठीच सरासरी अर्धा फेरा, सुमारे ५.६ मिलिसेकंद, वाट पाहावी लागते, आणि ते टोक योग्य जागी सरकण्याचा वेळ निराळाच. विखुरलेल्या जागांवरून माहिती आणायची असेल तर अशी डिस्क सेकंदाला जेमतेम शंभर वेळा ते काम करू शकते. प्रोसेसर रिकामा बसलेला असतो आणि तरीही पडद्यावरचे वर्तुळ फिरत राहते, ते या कारणाने.

याच टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’ पानावर ‘मेमरी’ निवडली की ‘इन यूज’, ‘अव्हेलेबल’ आणि ‘कॅश्ड’ असे आकडे दिसतात. त्यांपैकी ‘कॅश्ड’चा आकडा मोठा दिसला म्हणून घाबरण्याचे कारण नाही. नुकत्याच वापरलेल्या फायली आणि प्रोग्रॅम पुन्हा लागतील या अंदाजाने विंडोज मोकळ्या रॅममध्ये जपून ठेवते, आणि दुसऱ्या कुणाला जागा हवी झाली की ती लगेच सोडून देते. रिकामी पडलेली रॅम कोणाच्याच उपयोगाची नसते. रॅम बूस्टर म्हणवणारे प्रोग्रॅम नेमका याच्या उलट व्यवहार करतात. चालू असलेल्या प्रोग्रॅमांना त्यांच्या ताब्यातली मेमरी सोडायला ते भाग पाडतात. टक्केवारीचा आकडा क्षणात खाली येतो, बघणाऱ्याला समाधान वाटते, आणि पुढच्या क्लिकला तेच प्रोग्रॅम तीच मेमरी पुन्हा मागून घेतात. दरम्यान तिच्यातला काही भाग डिस्कवर गेला असेल तर तो परत आणण्याचा वेळही वाढतो. हार्ड डिस्कच्या लॅपटॉपवर या बटणाने वेग वाढण्याऐवजी कमी होण्याचीच शक्यता अधिक, म्हणून त्याच्या नादी मुळीच लागू नये.

रॅम खऱ्या अर्थाने मोकळी करायची असेल तर प्रोग्रॅम कमी चालवणे हाच मार्ग आहे, आणि त्यासाठी टास्क मॅनेजरमधले ‘स्टार्टअप अॅप्स’ हे पान अतिशय कामाचे आहे. विंडोज १० मध्ये त्याचे नाव नुसते ‘स्टार्टअप’ आहे. लॅपटॉप सुरू होताना आपोआप चालू होणाऱ्या प्रोग्रॅमांची यादी तेथे मिळते आणि प्रत्येकासमोर ‘हाय’, ‘मीडियम’, ‘लो’ असा शेरा असतो. हा शेरा अंदाजपंचे दिलेला नसतो: सुरू होताना ज्या प्रोग्रॅमने प्रोसेसरचा एक सेकंदाहून अधिक वेळ घेतला किंवा डिस्कवर ३ एमबीहून अधिक देवाणघेवाण केली, त्याला ‘हाय’ म्हटले जाते. टाळेबंदीच्या काळात ऑनलाइन शाळेसाठी घेतलेले मीटिंगचे सॉफ्टवेअर, मुलांच्या खेळांचे लाँचर, केव्हाच भंगारात गेलेल्या प्रिंटरचा सहायक प्रोग्रॅम, निरनिराळे अपडेटर अशी मंडळी या यादीत हमखास सापडतात. नावावर उजवे बटण दाबून ‘डिसेबल’ केले की तो प्रोग्रॅम काढून टाकला जात नाही, फक्त स्वतःहून सुरू होत नाही; नंतर पश्चात्ताप झाला तर त्याच जागी ‘एनेबल’ही करता येते. अँटिव्हायरस, टचपॅड आणि आवाजाशी संबंधित नोंदींना हात लावू नये. ज्या नोंदीचे नाव ओळखीचे नाही, तिच्यावर ‘सर्च ऑनलाइन’ हा पर्याय वापरून आधी माहिती काढावी. मी पाहिलेल्या सगळ्या उपायांत एक पैसाही न खर्चता सर्वांत मोठा फरक या एका पानाने पडला.

येथे एका बारीक गोष्टीकडे मुद्दाम लक्ष वेधतो. ‘परफॉर्मन्स’ पानावर ‘सीपीयू’ निवडल्यावर खाली ‘अप टाइम’ नावाचा आकडा दिसतो. रोज रात्री नियमाने ‘शट डाउन’ केलेल्या लॅपटॉपवरही हा आकडा कधी कधी कित्येक दिवसांचा निघतो. त्याचे कारण ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय. ती चालू असताना ‘शट डाउन’ केल्यावर विंडोजचा गाभा पूर्णपणे बंद होत नाही; त्याची अवस्था डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. सुरुवात लवकर होते हे खरे, पण साचलेले दोषही तसेच पुढे चालत राहतात. ‘रीस्टार्ट’ केल्यावर मात्र सगळे खरोखर नव्याने सुरू होते. म्हणून आठवड्यातून एकदा ‘शट डाउन’ऐवजी ‘रीस्टार्ट’ निवडण्याची सवय लावून घ्यावी.

ब्राउझरचा विषय थोडक्यात आटोपतो. ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर सर्वाधिक मेमरी बहुधा ब्राउझरच खातो. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबले की त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो, आणि कोणता टॅब व कोणते एक्स्टेन्शन किती मेमरी वापरते ते दिसते. क्रोममधला ‘मेमरी सेव्हर’ आणि एजमधले ‘स्लीपिंग टॅब्ज’ चालू ठेवले की न बघितलेल्या टॅबचा भार हलका होतो. दोन्ही सोयी चांगल्या आहेत; मात्र अर्धवट भरलेला सरकारी अर्ज उघडा ठेवून दुसरीकडे जायचे असेल, तर त्या संकेतस्थळाला अपवादांच्या यादीत घालावे.

आता डिस्कवरच्या जागेकडे वळू. डिस्कवरची जागा रिकामी केल्याने रॅम वाढत नाही, हे येथे नीट समजून घ्यायला हवे. पण सी ड्राइव्ह काठोकाठ भरला असेल तर पेजफाइल वाढायला, अपडेट उतरायला आणि तात्पुरत्या फायलींना जागा उरत नाही, आणि मग सगळाच कारभार अडखळतो. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘सिस्टम’ आणि त्याखाली ‘स्टोरेज’ उघडले की कशाने किती जागा व्यापली आहे ते पट्ट्यांच्या रूपात दिसते. एप्रिल २०१७ च्या क्रिएटर्स अपडेटपासून येथेच ‘स्टोरेज सेन्स’ आहे. तात्पुरत्या फायली तो काढतो, आणि रिसायकल बिनमधल्या वस्तू १, १४, ३० किंवा ६० दिवसांनी पुसायच्या की कधीच नाही, ते ठरवू देतो. ही योजना उत्तम आहे आणि मी ती प्रत्येकाला चालू करायला सांगेन, पण एका अटीवर. त्याच पानावर ‘डाउनलोड्स’ फोल्डरसाठीही अशीच मुदत ठरवण्याची सोय आहे. ती मुळात ‘नेव्हर’वर असते आणि तिला तेथेच राहू द्यावे. आपल्याकडे ‘डाउनलोड्स’ हेच अनेकांचे दप्तर असते. सातबाऱ्याचे उतारे, परीक्षेची प्रवेशपत्रे, विम्याच्या पावत्या, बँकेची विवरणे सगळे तेथेच पडून असते, आणि ते दुसऱ्या कोणत्याही फोल्डरमध्ये नसते. एकच उतारा नावापुढे कंसात एक, दोन, तीन असे आकडे लागून चार वेळा उतरवलेला आढळतो. त्यांतली कोणती प्रत ठेवायची हे घरातल्या माणसानेच पाहून ठरवायचे काम आहे. त्या फोल्डरची मांडणी आकारमानानुसार करून मोठ्या व्हिडिओ फायली आणि जुने इन्स्टॉलर आधी काढावेत. जागा खरी तेथे सुटते, पीडीएफ पुसून सुटत नाही.

डिस्क क्लीनअप हे यापेक्षा जुने साधन. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये त्याला निवृत्तीच्या यादीत टाकले असले, तरी ते अजून सापडते आणि चालते. त्यातले ‘क्लीन अप सिस्टम फाइल्स’ हे बटण दाबल्याशिवाय मोठ्या गोष्टी दिसत नाहीत. विंडोजची आवृत्ती नुकतीच बदलली असेल तर ‘विंडोज.ओल्ड’ नावाचा कित्येक जीबींचा फोल्डर तेथे ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन्स’ या नावाने दिसतो. जुन्या आवृत्तीकडे परत जाण्याची सोय त्याच्यावर अवलंबून असते आणि साधारण दहा दिवसांनी विंडोज तो स्वतःच काढते, त्यामुळे नवी आवृत्ती नीट चालते आहे याची खात्री होईपर्यंत घाई करू नये. ‘विनएसएक्सएस’ नावाचा फोल्डर मोठा दिसतो म्हणून तो हाताने पुसण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो ऐकू नये. विंडोजचे सुटे भाग त्यातच असतात आणि तो पुसल्यास विंडोज सुरूच न होण्याची वेळ येऊ शकते.

रजिस्ट्री, म्हणजे विंडोज आणि प्रोग्रॅमांच्या सेटिंग्जची नोंदवही, साफ करून वेग वाढतो हा समजही असाच चिवट आहे. रजिस्ट्रीतल्या शेकडो निरुपयोगी नोंदी काढल्या तरी वाचणारी जागा अगदी नगण्य असते, आणि एखादी कामाची नोंद गेली तर प्रोग्रॅम चालेनासे होतात. मायक्रोसॉफ्ट अशा साधनांना पाठिंबा देत नाही. त्यातच बाहेरच्या सफाई सॉफ्टवेअरला आपण संगणकाच्या आतल्या भागापर्यंत मोकळी वाट करून देतो, हा धोका वेगळा. २०१७ मध्ये सीक्लीनरसारख्या प्रसिद्ध सॉफ्टवेअरच्या ५.३३ या आवृत्तीत हल्लेखोरांनी घातक कोड घुसवला होता आणि कंपनीच्या अधिकृत मार्गानेच तो वीस लाखांहून अधिक संगणकांपर्यंत पोहोचला होता.

विंडोजच्या साधनांतही उणिवा आहेत. सगळ्यात मोठी उणीव म्हणजे ती एका जागी नाहीत: निदान टास्क मॅनेजरमध्ये, सफाई सेटिंग्जमध्ये, आणि डिस्कची देखभाल ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’ नावाच्या तिसऱ्याच खिडकीत. ‘स्टोरेज’च्या पानावरचा ‘अदर’ हा गट तर अगदीच मोघम आहे. पन्नास जीबी त्यात दाखवले तरी ते कशाचे, याचा पत्ता वापरकर्त्याला सहज लागत नाही. टास्क मॅनेजरमधल्या शब्दांचा अर्थ सांगणारी एखादी साधी ओळ तेथेच दिली असती, तर रॅम बूस्टरवाल्यांचा निम्मा धंदा आपोआप बसला असता.

हे सगळे करूनही, काही न उघडता, डिस्क १०० टक्क्यांवर राहत असेल तर सॉफ्टवेअरचे उपाय तेथे संपले असे समजावे. हार्ड डिस्क काढून सॅटा एसएसडी (त्याच जोडणीची, पण तबकडीऐवजी चिपमध्ये माहिती साठवणारी डिस्क) बसवली की वाचण्याचा वेग सेकंदाला ५०० एमबीच्या वर जातो, आणि फिरणारी तबकडीच नसल्यामुळे ती अर्ध्या फेऱ्याची वाटही संपते. पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर हे काम करून देणारी दुकाने ओळीने आहेत. लॅपटॉप देण्यापूर्वी आपल्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि जुनी हार्ड डिस्क परत मागून घ्यावी. रॅम वाढवता येईल का, याचे उत्तर दुकानात जाण्याआधीही टास्क मॅनेजरमध्येच पाहता येते: ‘मेमरी’च्या पानावर ‘स्लॉट्स यूज्ड’समोर दोनपैकी एक असा आकडा असेल, तर दुसरी पट्टी बसण्याची शक्यता आहे. तरीही काही मॉडेलांत रॅम बोर्डावरच डाख देऊन (सोल्डर करून) पक्की जोडलेली असते, म्हणून तळाचा मॉडेल क्रमांक लिहून घेऊन विक्रेत्याकडून खातरजमा करावी. एवढा खर्च करण्याआधी प्रोसेसरची पिढीही पाहून ठेवावी, कारण विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे आणि इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीचे बहुतेक लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत.