समाजशास्त्र, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र: इंटरनेटवरचे मोफत पाठ्यपुस्तक कोणते घ्यावे?

बी.ए.ला समाजशास्त्र किंवा राज्यशास्त्र घेतले, की पुण्यातली मुले पुस्तक शोधायला अप्पा बळवंत चौकात जातात आणि बहुतेक वेळा गाइड घेऊन परततात. गाइडमध्ये सत्राचे प्रश्न असतात, उत्तरे असतात. विषय मात्र बाहेरच राहतो. नावाजलेली पाठ्यपुस्तके महाग असतात आणि ग्रंथालयातली एकुलती प्रत परीक्षेच्या आधी हाती लागत नाही. अशा वेळी मोफत मिळणारी पुस्तके मोठा आधार आहेत. पण ती सगळी एका जातीची नाहीत. निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात: मजकूर कोणासाठी लिहिलेला आहे आणि परवाना काय करू देतो. मी समाजशास्त्र शिकवते, त्यामुळे पुढच्या तुलनेत त्या विषयाला जास्त जागा मिळाली आहे.

मराठीतून शिकणाऱ्याने सुरुवात बालभारतीपासून करावी. अकरावी-बारावीची समाजशास्त्र, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र ही पुस्तके ई-बालभारतीवर पीडीएफ स्वरूपात मोफत आहेत. शाळेची पुस्तके म्हणून ती बाजूला सारू नका. सामाजिक स्तरीकरण, सामाजीकरण, विचलन अशा संज्ञा मराठीत नेमक्या कशा वापरायच्या हे तिथे कळते, आणि पेपर मराठीत लिहिणाऱ्याला त्याचीच गरज असते. अडलेला शब्द भाषा संचालनालयाच्या ऑनलाइन परिभाषा कोशांत सापडतो. बालभारतीची मर्यादा उघड आहे: व्याख्या आणि मुद्दे मिळतात, वाद मिळत नाही. एखादा सिद्धान्त कोणी खोडला, का खोडला, इथवर ती जात नाहीत.

एनसीईआरटी त्यापुढे जाते. बारावीची ‘भारतीय समाज’ आणि ‘भारत में सामाजिक परिवर्तन एवं विकास’ ही समाजशास्त्राची पुस्तके मी आजही पहिल्या वर्षाच्या वर्गाला वाचायला सांगते. जात, बाजारपेठ, आदिवासी, शेतीतले बदल हे सगळे भारतीय उदाहरणांतून येते आणि भाषा विद्यार्थ्याशी बोलणारी आहे. ती इंग्रजीत आणि हिंदीत मिळतात, मराठीत नाहीत. हिंदी वाचता येत असेल तर इंग्रजीच्या भीतीने ती सोडू नयेत. सदाशिव पेठेतल्या स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांमध्ये ती आधीपासून आहेतच. नुसत्या पदवीसाठी शिकणाऱ्या मुलांपर्यंत मात्र ती क्वचित पोहोचतात, याचे मला वाईट वाटते.

आता ओपनस्टॅक्स. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाचा हा प्रकल्प २०१२ मध्ये सुरू झाला आणि त्याच्या पहिल्या पुस्तकांतच समाजशास्त्राचे पुस्तक होते. आज त्याची तिसरी आवृत्ती वाचायला मिळते: २१ प्रकरणे, स्वच्छ मांडणी, प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी सारांश आणि प्रश्न. सिद्धान्तांची ओळख म्हणून पुस्तक चांगले आहे. कार्यवाद, संघर्षवाद आणि प्रतीकात्मक आंतरक्रियावाद हे तिन्ही दृष्टिकोन कुटुंबापासून आरोग्यापर्यंत प्रत्येक विषयाला लावून दाखवले आहेत, त्यामुळे परीक्षेत ‘या दृष्टिकोनातून विवेचन करा’ असा प्रश्न आला तर विद्यार्थी अडत नाही. पण पुस्तक अमेरिकी विद्यार्थ्यासाठी लिहिलेले आहे. स्तरीकरणाच्या प्रकरणाच्या शीर्षकातच अमेरिका आहे. जात तिथे बंद व्यवस्थेचे उदाहरण म्हणून थोडक्यात येऊन जाते. जात ही आपल्या अभ्यासाची मध्यवर्ती गोष्ट आहे, त्यामुळे एवढ्यावर भागत नाही. घुर्ये, श्रीनिवास किंवा आपल्या डेक्कन कॉलेजच्या इरावती कर्वे अशा भारतीय अभ्यासकांसाठी दुसरीकडे वळावे लागते.

त्यासाठी मोफत पर्याय म्हणजे इग्नू या मुक्त विद्यापीठाचा ईज्ञानकोश हा ऑनलाइन संग्रह. एम.ए.चा ‘सोशिऑलॉजी इन इंडिया’ हा अभ्यासक्रम तिथे घटकवार आहे. गद्य कोरडे आहे, पण भारतीय समाजशास्त्राचा एवढा सलग मजकूर फुकट दुसरीकडे मिळणे कठीण. यूजीसीची ई-पीजी पाठशालाही आहे. तिचा दर्जा पाठागणिक बदलतो, म्हणून तिच्याकडे विशिष्ट विषय शोधायला जावे, सलग वाचायला नको.

बालभारती, एनसीईआरटी आणि ईज्ञानकोश ही तिन्ही मोफत आहेत, पण त्यांचे हक्क राखीव आहेत. वाचा, उतरवून घ्या. अनुवाद करून छापायचा किंवा संकेतस्थळावर ठेवायचा असेल तर परवानगी हवी. ओपनस्टॅक्सची समाजशास्त्र आणि राज्यशास्त्राची पुस्तके क्रिएटिव्ह कॉमन्स या मुक्त परवान्यांपैकी ‘बाय’ (फक्त श्रेय देण्याची अट असलेल्या) परवान्याखाली आहेत. श्रेय द्या, बदल सांगा, मग भाषांतर करा, उदाहरणे बदला, छापा, हवे तर विका. अमेरिकी उदाहरण काढून तिथे हडपसरचे किंवा भोरचे घालायलाही कोणाला विचारावे लागत नाही.

हा फरक कागदावरचा वाटत असेल तर एनसीईआरटीच्या बारावीच्या ‘स्वतंत्र भारत में राजनीति’ या पुस्तकाचे काय झाले ते पाहा. त्यात जनआंदोलनांवर एक प्रकरण होते: चिपको, नर्मदा बचाव आणि १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेली दलित पँथर, सोबत नामदेव ढसाळांची कविता. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला राष्ट्रीय पाठ्यपुस्तकात स्वतःचा इतिहास भेटावा, असे ते प्रकरण. २०२२ च्या फेरआखणीत ते वगळले गेले. या पुस्तकांचे मुख्य सल्लागार होते योगेंद्र यादव आणि पुणे विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवलेले सुहास पळशीकर. जून २०२३ मध्ये दोघांनी पत्र लिहून पुस्तकांवरून आपली नावे काढायला सांगितले. पुस्तके सामूहिक प्रयत्नातून झाली आहेत, असे म्हणत एनसीईआरटीने ते मानले नाही.

याच्या शेजारी मिनेसोटा विद्यापीठाच्या ग्रंथालयाने काढलेले समाजशास्त्राचे मुक्त पुस्तक ठेवा. २०१० मध्ये ते एका प्रकाशकाने मुक्त परवान्याखाली काढले होते. पुढे प्रकाशकाने आपले नाव देऊ नये अशी विनंती केली. नाव गेले, पुस्तक राहिले, कारण एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही. आज ते कोणीही उतरवून घेऊ शकतो. हक्क राखीव असलेल्या पुस्तकातून प्रकरण गेले, तर जुनी प्रत जपता येते. ती छापून वर्गाबाहेर वाटण्याचा हक्क मात्र आपल्याकडे नसतो. वर्गापुरते म्हणाल तर कायदा बराच उदार आहे: अध्यापनासाठी पुस्तकांतले भाग झेरॉक्स करून देणे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये वैध ठरवले.

अर्थशास्त्रात माझा कौल वेगळा आहे. ओपनस्टॅक्सचे पुस्तक मागणी-पुरवठ्याच्या ओळखीच्या वाटेने जाते आणि सत्र परीक्षेला पुरते. पण अर्थशास्त्र खरोखर आवडायचे असेल तर कोअर या प्रकल्पाचे ‘द इकॉनॉमी’ वाचा. ते चौदाव्या शतकात बंगालमध्ये आलेल्या इब्न बतूतापासून सुरू होते: तेव्हा देशादेशांत एवढी तफावत नव्हती, मग ती आली कुठून? सहकार्याचा पेच समजावताना शेतावरच्या किडीचे काय करायचे हे ठरवणारे अनिल आणि बाला भेटतात, आणि जमिनीवरच्या हक्काने वाटणी कशी बदलते यासाठी पश्चिम बंगालचे ऑपरेशन बर्गा ही बटाईदार कुळांना हक्क देणारी मोहीम येते. सूक्ष्मलक्षी अर्थशास्त्राला घाबरणाऱ्या मुलांना मी हेच देते. अडचण परवान्याची: तो बिगर-व्यापारी आणि ‘बदल नको’ असा आहे. भाषांतर हाही बदलच, त्यामुळे मराठी आवृत्ती परवानगीशिवाय वाटता येत नाही. वाचायला कोअर घ्या. मराठीत आणायचे असेल तर ओपनस्टॅक्सचे अर्थशास्त्र.

संशोधन पद्धतीसाठी फार शोधाशोध नको. अनोल भट्टाचार्जी यांचे २०१२ चे ‘सोशल सायन्स रिसर्च’ छोटे, सोळा प्रकरणांचे आणि सरळ आहे. चल, गृहीतक, नमुना निवड, प्रश्नावली, नैतिकता, सगळे त्यात येते. लेखक व्यवस्थापनशास्त्राकडचे, त्यामुळे सर्वेक्षणाकडे कल जास्त. मुळशीच्या गावात राहून क्षेत्रकार्य करणाऱ्याला वांशिकलेखनावर, म्हणजे लोकांत राहून त्यांचे जगणे टिपण्याच्या पद्धतीवर, आणखी वाचावे लागेल. परवाना बिगर-व्यापारी आणि ‘त्याच अटींवर’ वाटण्याचा. म्हणजे मराठी अनुवाद करता येतो, पण विकता येत नाही आणि तोही याच परवान्याने खुला ठेवावा लागतो. मानवशास्त्रासाठी ‘पर्स्पेक्टिव्ह्ज’ हे अमेरिकी शिक्षकांनी मिळून लिहिलेले पुस्तक आहे. तेही बिगर-व्यापारी परवान्याचे, वाचायला रंजक.

मराठी विकिबुक्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या धर्तीवरच्या मुक्त पुस्तकांच्या संकेतस्थळावर, काही घालायचा विचार असेल, तर हा ‘बिगर-व्यापारी’ शब्द आधी तपासा. विकिमीडियाच्या प्रकल्पांत असा मजकूर चालत नाही. ओपनस्टॅक्सचा ‘बाय’ मजकूर चालतो.

थोडक्यात, पेपर मराठीत लिहायचा असेल तर एक विषय आधी बालभारतीत, मग एनसीईआरटीत आणि शेवटी ओपनस्टॅक्सच्या त्या प्रकरणात वाचावा. तिसऱ्या वाचनापर्यंत इंग्रजी अडत नाही. एम.ए.च्या विद्यार्थ्याने ओपनस्टॅक्सवर थांबू नये, ईज्ञानकोश धरावा. आणि प्राध्यापकांनी निदान एक प्रकरण मराठीत आणावे, असे मला मनापासून वाटते. चार महाविद्यालयांनी प्रकरणे वाटून घेतली तर पहिल्या वर्षाचे पुस्तक उभे राहील. अशा अनुवादाच्या पहिल्या पानावर मूळ पुस्तकाचे आणि लेखकांचे नाव, मूळ दुवा, परवान्याचे नाव व दुवा, आणि ‘हा अनुवाद आहे, उदाहरणे बदलली आहेत’ एवढे लिहावे; शिवाय ओपनस्टॅक्स प्रत्येक पानावर आपल्या मोफत दुव्याचा उल्लेख करायला सांगते, तोही करावा.