बाझेलची विकलफिश पिशवी: सात घड्या आणि ऱ्हाईनची ओढ

उन्हाळ्यात स्वित्झर्लंडमधल्या बाझेलमध्ये ऑफिस सुटलं की लोक कपडे माशाच्या आकाराच्या रंगीत पिशवीत कोंबतात, घोळक्याने ऱ्हाईन नदीत उतरतात आणि वाहत घराकडे निघतात. ती पिशवी म्हणजे विकलफिश. जर्मनमध्ये ‘विकल’ म्हणजे गुंडाळणं. आपल्याकडचा ‘विकल’ मनात आणू नका, मासा चांगला धट्टाकट्टा आहे.

सामान कोरडं राहण्याची सगळी मदार तोंडाच्या गुंडाळीवर. सामान भरायचं, तोंडाच्या दोन्ही कडा जुळवायच्या, सपाट करून सात वेळा घट्ट गुंडाळायच्या आणि मग बकल लावायचं. चार-पाच घड्यांवर भागवलं की पाणी आत शिरतं. दुसरं कारण म्हणजे ठासून भरलेली पिशवी: टॉवेल, जीन्स आणि बूट एकत्र कोंबले की घड्यांना जागाच उरत नाही. दोन तृतीयांश भरा. काठावरची वाळू कडांमध्ये अडकली तरी तिथून झिरपतं, म्हणून बोटाने कडा पुसून घ्या. किल्ल्या टॉवेलात गुंडाळा. फोनला आतमध्ये वेगळी झिपची पिशवी हवीच.

नवी पिशवी आधी घरी तपासा. आत टिश्यू पेपर ठेवून बंद करा आणि भरल्या बादलीत दाबून धरा. बुडबुडे घडीतून आले तर चूक आपली, शिवणीतून आले तर पिशवी बदलून घ्या.

हवा किती ठेवायची? पिशवी हाताने दाबल्यावर उशीसारखी लागावी. हवा फार काढली तर ती पाण्यात खोल बसते आणि नावाडी लोकांना दिसत नाही. बंद पिशवीत पंधरा लिटर हवा असेल तर ती पूर्ण बुडवायला सुमारे पंधरा किलोचा जोर लागतो, त्यामुळे तिला धरून विसावता येतं. पण ही आपली भोपळ्याची सांगड नव्हे. ओल्या हातातून ती निसटते, घडी सुटली की हवाही जाते. पोहता न येणाऱ्याने तिच्या भरवशावर उतरू नये. पट्टा चालताना खांद्यावर ठीक; पाण्यात तो गळ्यात किंवा मनगटाला गुंडाळू नका. बोयाला, म्हणजे नदीत नांगरलेल्या तरंगत्या खुणेला, अडकला तर धार तुम्हाला तिथेच दाबून धरते. पिशवी हातात धरायची, म्हणजे वेळ पडली तर सोडून देता येते.

आता नदीकडे. टिंगेली म्युझियमपाशी उतरायचं आणि ड्रायरोझेन पुलाच्या आधी बाहेर पडायचं, हा नेहमीचा मार्ग: जवळपास तीन किलोमीटर, पाण्याच्या वेगाप्रमाणे अर्ध्या तासाच्या आसपास. पोहायचं क्लाइनबाझेलच्या, म्हणजे उजव्या काठाने. इथे नदी उत्तरेकडे वळते आणि हा वळणाचा आतला काठ, म्हणून ओढ कमी. पलीकडे खोल पाणी आणि मालवाहू जहाजं. उताराला निघालेलं जहाज ऐनवेळी थांबू शकत नाही. नदी ओलांडणाऱ्या चार फेरीबोटींना इंजिनच नाही. त्या वर ताणलेल्या तारेला बांधलेल्या असतात आणि धारेच्या जोराने आडव्या सरकतात. त्या तुम्हाला चुकवू शकत नाहीत, चुकवायचं तुम्हीच.

पुलाचे खांब आणि बोया यांच्याकडे पाठ करून गप्पा मारत वाहणं, ही घोळक्याची खास चूक. पाय पुढे, नजर पुढे, आणि वीस-तीस मीटर आधीच बाजूला सरका. कच्चा पोहणारा काठाच्या बाजूला, पक्का नदीच्या बाजूला आणि एक जण सगळ्यांच्या मागे. कोणी मागे राहिलं तर वाहत्या पाण्यात थांबून वाट पाहता येत नाही, त्यामुळे कुठल्या पायऱ्यांवर चढायचं हे उतरण्याआधीच प्रत्येकाला ठाऊक हवं. पायऱ्या समोर आल्यावर वळलात तर हुकल्याच. बऱ्याच आधीपासून तिरकं पोहत काठ गाठा. दगडांवर शेवाळ असतं, पाण्यातले बूट घाला. पावसानंतर गढूळ पाण्यातून ओंडके वाहत येतात. त्या दिवशी काठावरच बसा.

पाण्याच्या स्वच्छतेबद्दल शंका येणं साहजिक आहे. 1 नोव्हेंबर 1986 ला वरच्या अंगाला श्वाइत्सरहाले इथे सांडोझ या रसायन कंपनीच्या गोदामाला आग लागली, विझवण्याच्या पाण्याबरोबर कीटकनाशकं नदीत गेली, पाणी लाल झालं आणि ईल मासे ढिगाने मेले. त्यानंतर नदीवर पहारा कडक झाला. आज याच पाण्यात गाव पोहतं. नवख्यांनी ऑगस्टमधलं सामूहिक ऱ्हाईन-पोहणं निवडावं. 1980 पासून चालू असलेल्या या उपक्रमात जीवरक्षक सोबत असतात.

पिशवीबद्दल तक्रारी दोनच. एक म्हणजे किंमत: साधी गोल ड्राय बॅग स्वस्त पडते आणि तेवढीच कोरडी राहते. दुसरी, गुंडाळीच्या रेषेवर अस्तर सर्वांत आधी झिजतं. घरी आल्यावर उलटी करून सावलीत वाळवा, घडी घालून कोंबून ठेवू नका. रोश किंवा नोव्हार्टिस या औषध कंपन्यांमधल्या नोकरीसाठी बाझेलला राहायला आलेल्यांनी बिनधास्त घ्यावी, उन्हाळाभर वापर होईल. दोन दिवसांच्या पाहुण्याने मात्र कोणाची तरी मागून घ्यावी. पुण्याला नेऊन ती माळ्यावरच पडणार. मुठेत पोहायचं कोण बोलतंय!