एक स्टार दिला होता, आता चार करतेय (टीव्हीचा घरातला चपटा अँटेना, ८ महिने वापरून)

या अँटेनाचा रिव्ह्यू मी आधी एकदा लिहिलाय. तेव्हा एक स्टार दिला होता, तोही शून्य द्यायची सोय नव्हती म्हणून. आता आठ महिने वापरल्यावर तो बदलतेय, कारण माझं ते वाचून कोणी घ्यायचा थांबला असेल तर ते पाप माझ्या डोक्यावर नको. चूक अँटेनाची थोडी होती, माझी जास्त होती.

वस्तू काय आहे तर वहीच्या दोन पानांएवढा, पुठ्ठ्यासारखा पातळ चौकोन. एका बाजूने काळा, दुसऱ्या बाजूने पांढरा, भिंतीला चिकटवायचा. मागून वायर निघते, वायरीच्या मध्ये काडेपेटीएवढा बूस्टर (सिग्नल वाढवणारा डबा) आणि त्या बूस्टरला करंट द्यायला यूएसबीची पिन. बस. बघितल्यावर पहिला विचार हाच आला की ह्याच्यासाठी पैसे घेतात?

घेतला बाबांसाठी. ते आमच्याकडे राहायला आले आणि त्यांना रात्रीच्या बातम्या ठरलेल्या मिनिटाला लागतात, आणि आमच्याकडे सगळं इंटरनेटवर, म्हणजे नेट गेलं की टीव्ही म्हणजे भिंतीवर टांगलेला काळा आरसा. एकदा ऐन बातम्यांच्या वेळी नेट गेलं तेव्हा बाबा म्हणाले, "अगं, पूर्वी एक काठी लावली की टीव्ही दिसायचा, आता एवढं सगळं असून दिसत नाही?" बोलले ते शांतपणेच, पण मला लागलं. त्याच रात्री ऑर्डर केला.

पहिल्या रात्री स्कॅन केलं, शून्य चॅनेल. परत केलं, शून्य. नवरा म्हणाला परत करून टाक. तर झालं असं होतं की टीव्हीच्या मेनूत सोर्स 'केबल'वर होता, तो 'अँटेना'वर करायला लागतो (काही टीव्हीत त्याला 'एअर' म्हणतात), नाहीतर टीव्ही भलत्याच ठिकाणी शोधत बसतो. आणि बूस्टरची यूएसबी पिन मी लावलीच नव्हती, मला वाटलं ती ऑप्शनल आहे, सिग्नल आपला तसाच जाईल थोडा कमी. जात नाही. बऱ्याच बूस्टरना करंट नसेल तर ते सिग्नल वाढवायचं राहिलं बाजूला, उलट अडवूनच धरतात. हे दोन्ही सुधारल्यावर ३ चॅनेल आले, त्यातला एक चौकोन चौकोन होऊन फाटत होता. तेव्हाच मी तो एक स्टारवाला रिव्ह्यू लिहिला, रागात.

अँटेना चिकटवला होता टीव्हीच्या मागे, दिसू नये म्हणून. म्हणजे सगळ्यात वाईट जागी! हे तेव्हा माहीत नव्हतं. कळलं ते लेकीमुळे, तिला तो पांढरा चौकोन चित्र काढायला भारी वाटला, तिने तो उपटला आणि वायरीसकट खिडकीपाशी घेऊन बसली, आणि इकडे जो चॅनेल फाटत होता तो एकदम काचेसारखा स्वच्छ. बाबा ओरडले, "हात लावू नकोस, तसाच धर!" पोरगी दहा मिनिटं अँटेना धरून बसली बिचारी, हातात खडू.

मग परत स्कॅन केलं तर १९. नंतर जागा अजून थोडी सरकवून २४.

त्या दिवसापासून मी जरा वाचायला लागले आणि लक्षात आलं की घरातल्या अँटेनाच्या बाबतीत अँटेना हा दुय्यम मुद्दा आहे, जागा हाच मुख्य. भिंतीत लोखंडी सळ्या असतात, त्या सिग्नल खातात. टीव्ही स्वतः, त्याची एचडीएमआय केबल, मागचा सेट टॉप बॉक्स, राउटर, स्वस्तातले एलईडी दिवे, हे सगळे आपापला बारीक गोंगाट करत असतात आणि मी नेमका त्या गोंगाटात अँटेना बसवला होता. खिडकीत, उंचावर आणि टॉवरच्या दिशेला, एवढंच पाहिजे. टॉवर कुठे आहे ते नकाशावर दाखवणाऱ्या साइट असतात, तिथे दिशा बघून घ्या, अंदाजाने भिंती चाचपत बसू नका. आणि चौकोन आडवा लावून येत नसेल तर उभा लावून बघा, कारण काही टॉवर लहरी आडव्या सोडतात काही उभ्या, आणि अँटेना त्याच पद्धतीने धरला नाही तर सिग्नलचा मोठा भाग वाया जातो. पण सगळ्याच खिडक्या सारख्या नसतात हां. आमच्या बेडरूमच्या खिडकीला ऊन अडवणारी काच आहे, त्यावर धातूचा अगदी पातळ थर असतो, तिथे लावला तर एकही चॅनेल नाही.

पूर्वीच्या आणि आताच्या सिग्नलमधला फरकही समजून घ्या नाहीतर वैताग येईल. अॅनालॉगमध्ये सिग्नल कमी झाला की मुंग्या यायच्या, माणसं दोन दोन दिसायची, पण मॅच बघता यायची. गच्चीवर एकाने अँटेना फिरवायचा आणि खालून दुसऱ्याने "आलं आलं... गेलं!" करायचं. डिजिटलमध्ये मधलं काही नाही. एका मर्यादेपर्यंत चित्र एकदम झकास आणि त्याच्या खाली गेलं की चौकोन, आवाज तुटका, आणि मग काहीच नाही. त्यामुळे दुपारी मस्त चालणारा चॅनेल संध्याकाळी गायब झाला तर अँटेना बिघडला असं नाही, तो काठावर होता आणि घसरला. आमच्याकडे तर सोफ्याच्या त्या कोपऱ्यात कोणी उभं राहिलं तरी एक चॅनेल फाटायचा, माणसाचं शरीरही सिग्नल अडवतं. अजून एक, एका फ्रिक्वेन्सीवर चार-पाच किंवा जास्त चॅनेल एकत्र येतात, म्हणून जातात तेव्हाही घोळक्याने जातात. माझे एकदा सहा एकदम गेले, मला वाटलं बंदच केले कोणी. वीतभर सरकवला, सहाही परत.

टीव्हीच्या मेनूत सिग्नलच्या दोन पट्ट्या दिसतात, स्ट्रेंथ आणि क्वालिटी. बघायची ती क्वालिटी. आणि इथेच बूस्टरचा घोळ समजतो. बूस्टर सिग्नलबरोबर गोंगाटही वाढवतो, म्हणजे स्ट्रेंथ ९० दाखवेल पण क्वालिटी तिथेच. लांब वायर असेल किंवा एका अँटेनावर दोन टीव्ही चालवायचे असतील तर उपयोग होतो, कारण दोन तोंडाचा स्प्लिटर लावला की प्रत्येक टीव्हीला निम्म्याहूनही थोडा कमीच सिग्नल मिळतो, ते भरून निघतं. पण टॉवर जवळ असेल तर बूस्टरमुळे ट्यूनर (टीव्हीतला सिग्नल पकडून उलगडणारा भाग) अक्षरशः गुदमरतो. मी एक दिवस वैतागून बूस्टर काढला आणि वायर सरळ टीव्हीला लावली तर २४ चे २७ झाले. तेव्हापासून तो ड्रॉवरमध्ये पडलाय. म्हणून म्हणते, ज्या मॉडेलचा बूस्टर सुटा होतो तेच घ्या, वायरीत कायमचा जोडलेला असेल तर नको. ह्याचा सुटा होतो, हा ह्याचा खरा प्लस पॉइंट.

खोक्यावर लिहिलंय त्यावर तर बोलायलाच नको. '२०० मैल रेंज'. ३०० मीटर उंच टॉवर धरला तरी जमिनीवरून त्याचं क्षितिज साधारण ७० किलोमीटरवर संपतं, पृथ्वी गोल आहे हो, खोकं छापणाऱ्यांना कोणीतरी सांगा. '4के रेडी' हे तर त्याहून भारी. अँटेना म्हणजे धातूचा तुकडा, आत एचडी चाललंय का साधं हे त्याला कळतही नाही, ते ट्यूनरचं काम. एक गोष्ट मात्र खोक्यावर खरी आहे, मोबाईलचा सिग्नल गाळणारा फिल्टर. टीव्हीच्या पट्ट्यातला वरचा भाग बऱ्याच देशांत मोबाईल कंपन्यांना दिला गेलाय, त्यामुळे मोबाईलचा टॉवर अगदी समोर असेल तर फिल्टरचा फरक पडतो.

आता जे जमत नाही ते. हा चपटा प्रकार यूएचएफ (टीव्हीच्या जास्त फ्रिक्वेन्सीचा पट्टा) चांगलं पकडतो, व्हीएचएफ (कमी फ्रिक्वेन्सीचा) नाही. कारण साधं आहे, ६०० मेगाहर्ट्झची लहर ५० सेंटीमीटरची, अँटेनाला तिच्या निम्मे म्हणजे २५ सेंटीमीटर पुरतात, ते या चौकोनात बसतात. २०० मेगाहर्ट्झची लहर दीड मीटरची, निम्मे म्हणजे ७५ सेंटीमीटर, ते वहीच्या पानात कुठून आणणार. आमच्याकडे दोन चॅनेल व्हीएचएफवर आहेत, ते या पठ्ठ्याने आजवर पकडलेले नाहीत. ते शेवटी बाबांनी आणलेल्या जुन्या, सशाच्या कानासारख्या दोन दांड्यांच्या अँटेनाने पकडले! दांड्या पूर्ण ओढून आडव्या केल्या आणि दोन्ही हजर. बाबा दोन दिवस त्याच तोऱ्यात होते.

घ्यायच्या आधी टीव्हीत ट्यूनर कुठला आहे ते बघा, हे महत्त्वाचं. प्रत्येक देशाची डिजिटल सिग्नल पाठवायची पद्धत वेगळी, अमेरिकेत एटीएससी, युरोपात डीव्हीबी-टी आणि टी२, जपानमध्ये आयएसडीबी-टी, म्हणजे एका देशातून आणलेला टीव्ही दुसऱ्या देशात अँटेनावर चालेलच असं नाही. आणि मधून मधून परत स्कॅन करत जा, चॅनेल फ्रिक्वेन्सी बदलतात आणि टीव्ही तुम्हाला स्वतःहून सांगायला येत नाही.

चित्राबद्दल खरंच खूश आहे. नेटवरून येणारं चित्र पुष्कळ दाबून पाठवलेलं असतं, हे त्यापेक्षा बऱ्याचदा स्वच्छ दिसतं, पळत्या बॉलमागे धूसर शेपूट राहत नाही. आणि उशीर नाही! मॅच चालू असताना नवरा आतल्या खोलीत फोनवर बघत होता आणि आम्ही बाहेर अँटेनावर, आम्ही ओरडलो की तो आतून ओरडायचा "सांगू नका रे", कारण त्याचं अर्धा मिनिट मागे. शेवटी आला बाहेर.

टॉवर लांब असेल, मध्ये डोंगर असेल किंवा तुम्ही तळमजल्यावर मागच्या बाजूला असाल तर हा घेऊ नका, सरळ गच्चीवर यागी लावा, तेच ते आडव्या काड्यांचं. जपानमध्ये १९२६ च्या सुमाराला निघालेलं डिझाइन आहे आणि अजून त्याच्या तोडीचं घरातलं काही मला दिसलेलं नाही.

एक स्टार कापला तो दोन गोष्टींसाठी. वायर ३ मीटरची आणि अँटेनाला पक्की जोडलेली, बदलता येत नाही, त्यामुळे चांगली खिडकी चार मीटरवर असेल तर जोड द्यावा लागतो आणि जोड म्हटलं की सिग्नल थोडा गळणारच. आणि सोबत दिलेल्या चिकटपट्ट्या तर फालतू आहेत. खिडकीवर ऊन आलं की दुपारी हा खाली आणि बाबांचा आवाज, "गेलं!" आता कपडे वाळत घालायचे दोन चिमटे पडद्याच्या दांडीला लावून टांगलाय, चार महिने झाले, पडलेला नाही.